खामफेंगची झोप

माझी भावजय खामफेंग हिच्या अंगात एका विधवेचे भूत शिरले होते आणि सोंदी काकांनी ते मंत्राने घालवले, असे आमच्या गावात आजही सांगितले जाते. शाळेत नवा शिक्षक रुजू झाला, की पहिल्या आठवड्यातच ही हकीकत त्याला ऐकवली जाते, आणि ऐकवणाऱ्यांत मी स्वतः अक्षरओळख करून दिलेली माणसे असतात. मी उबोन शहरातल्या अध्यापक विद्यालयात शिकले. तिथे मानसशास्त्राच्या पुस्तकात झोपेवर एक प्रकरण होते; ते परीक्षेला येत नाही म्हणून प्राध्यापकांनी वगळले आणि मी कुतूहलाने वाचले. त्या वाचनाचा मला एवढाच लाभ झाला, की पुढे जे घडत गेले ते मला कळत होते आणि माझे कोणीही ऐकत नव्हते.

फेंग, घरात सगळे तिला याच नावाने हाक मारतात, मून नदीच्या पलीकडची. माझा धाकटा भाऊ सवेंग याची बायको. बुटकी, रुंद कपाळाची, हाताला विलक्षण चपळ. आमच्या घरात रेशीमकिडे पाळण्याचे आणि विणण्याचे काम तिच्याएवढे कोणालाच साधले नाही. आईची तिच्याविषयी एकच तक्रार होती: ही सून कुठेही झोपते. मागावर बसल्या बसल्या झोपते, चुलीपाशी भाताला वाफ येईपर्यंत झोपते, विहारात भिक्षू प्रवचन करीत असताना नाक खाली घालून झोपते. आणि उठली की स्वप्न सांगते. सकाळी आमच्या घराखाली, खांबांमधल्या सावलीत माग आणि किड्यांच्या टोपल्या असत तिथे, शेजारच्या बायका केवळ तिचे स्वप्न ऐकायला जमत. एकदा म्हशीने तिच्याकडे विडी मागितली होती. एकदा तिच्या स्वतःच्याच लग्नात तिला वाढपी म्हणून उभे केले होते आणि नवरीला भात कमी पडला होता. शेजारची थोम मावशी रोज आल्या आल्या म्हणे, "काय गं, आज कुठला खेळ लागला होता?" इतके शांत, इतके निष्काळजी झोपणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. पुढे काय हिरावले गेले ते कळावे म्हणून हे आधी सांगितले.

सवेंग सिंगापूरला इमारतींच्या बांधकामावर गेला होता. ज्या वर्षी तो करार अर्धवट टाकून परत आला, त्या वर्षी आमच्या प्रदेशातले धडधाकट तरुण तिकडे झोपेत मरत होते. संध्याकाळी जेवलेला, थट्टामस्करी केलेला माणूस सकाळी उठत नसे. डॉक्टरांनी निरनिराळी कारणे सांगितली आणि गावांनी एकच सांगितले: विधवेचे भूत पुरुष गोळा करीत फिरत आहे. सवेंगच्या खोलीत वरच्या फळीवर झोपणारा, आमच्याच प्रदेशातल्या कालसिनचा एक मुलगा असाच गेला. पहाटे तो कण्हत होता. सवेंगने ते ऐकले, त्याला वाटले स्वप्न पडले असेल, दमलेल्याला कशाला उठवा, आणि तो कूस बदलून पुन्हा झोपला. हे त्याने घरात फक्त मला सांगितले. तेव्हापासून कोणी कण्हले, कुत्रे जरी कण्हले, तरी त्याचा चेहरा पांढरा पडे.

तो परतल्यानंतर थोड्याच दिवसांत भीती गावात शिरली. ज्यांना हा काळ आठवतो त्यांना मी नवे काही सांगत नाही. घरोघरी फाटकावर लाकडी लिंगे टांगली गेली, म्हणजे त्या बाईने तेवढ्यावर समाधान मानून पुढे जावे. पुरुष नखांना लाल रंग लावून, बायकांची लुंगी नेसून झोपू लागले, म्हणजे तिला वाटावे की या घरात सगळ्या बायकाच आहेत. आमचा गावप्रमुख, जाड मिशांचा, एकेकाळी सैन्यात राहून आलेला, रंगवलेली नखे टेबलाखाली लपवून सभा चालवी. थोम मावशी मागून म्हणाली होती, "ए सुंदरे, आवाज वाढव की, इथपर्यंत येत नाही." सगळे हसले, तोही हसला. भीती अशी होती, की हसण्याने कमी होत नव्हती. मी स्वतः विधवा असल्यामुळे मला पाहून ज्यांनी रस्ता बदलला त्यांची नावे मला माहीत आहेत. त्यांच्या मुलांच्या वह्या मी तरीही तपासत होते.

आमच्याकडे समजूत अशी, की कण्हणाऱ्याला तत्काळ उठवले तर तो वाचतो. म्हणजे कोणीतरी ऐकत जागे राहिले पाहिजे. हे कोणीतरी कोण, यावर गावात कधी सभा झाली नाही. प्रत्येक घरात ती बायकोच होती. सवेंगने एक पाऊल पुढे टाकले. परदेशाहून आला म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याचा आत्मा स्थिर व्हावा यासाठी मनगटाला मंत्रवलेला दोरा बांधला होता. त्यातलाच लांब दोरा मागून घेऊन तो रोज झोपताना एक टोक आपल्या मनगटाला आणि एक फेंगच्या मनगटाला बांधू लागला. तो हलला की दोरा ओढला जाई आणि ती उठून त्याचा श्वास पाही. तो फार हलत असे.

तेवढ्यावर भागले असते तरी ती निभावून नेणारी बाई होती. परंतु रेशीमकिडे शेवटच्या अवस्थेत अहोरात्र खातात, आणि तो पाला घालणेही तिच्याकडेच. पावसाळा संपता संपता मला तिच्यातला फरक दिसू लागला. तुतीचा पाला भाताच्या वाफेच्या टोपलीत आणि ओला तांदूळ किड्यांच्या टोपलीत. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर. मी शाळेतून आले की ती मागावर बसलेली दिसे, हातात धोटा, डोळे उघडे, आणि माग बंद. जवळ जाऊन हाक मारली तर दचकून सांगे की पलीकडे बसलेल्या बाईशी ती बोलत होती. पलीकडे कोणी नसे.

"स्वप्न पडलं होतं का?" मी एकदा विचारले.

"झोपल्यावर पडत नाहीत आता, बाई," ती म्हणाली. माझ्या हाताखाली ती कधी शिकली नाही, तरी गावाप्रमाणे मला बाईच म्हणे. "झोप लागते कुठे? डोळे उघडे असतानाच येऊन बसतात."

पुस्तकातले प्रकरण माझ्यापुढे जसेच्या तसे उभे राहिले. झोप तोडली गेलेल्या मनात स्वप्न दार उघडण्याची वाट पाहत नाही. मी आईला सांगितले. आई म्हणाली की तिने पाच लेकरे अशीच वाढवली आणि तिला पुस्तकाची गरज लागली नाही. हृदयाची खात्री पटली तर तो दोरा सोडील म्हणून मी सवेंगला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय ठीक आहे म्हणाले आणि त्यालाच झोपेच्या गोळ्या दिल्या. परतताना त्याने त्या बसच्या खिडकीतून फेकल्या. "लोक झोपेने मरतायत आणि हा झोपेचंच औषध देतोय," एवढेच तो बोलला. मी फेंगला विहारात घेऊन गेले, ध्यानाने मन शांत होईल या आशेने. तिला डोळे मिटून बसायला सांगितले. ती बसली, आणि पठण सुरू होताच आडवी पडली. बाहेर येईपर्यंत दारातल्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती, की हिच्यातल्या कोणाला तरी सूत्रे सहन होत नाहीत. मी त्यांना सांगितले की तिला झोप लागली होती. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिले, की मला आजही ते आठवून संताप येतो.

नंतर फुथा गेला. पलीकडच्या गल्लीतला सुतार, तोच फाटकावरची लिंगे कोरून देत होता. मरण्याआधी थोडे दिवस तो आमच्या घरावरून जात असताना फेंग मागावरून, उघड्या डोळ्यांनी, त्याला म्हणाली होती, "चल, उशीर झालाय." ती कोणाला म्हणाली, कुठल्या स्वप्नात होती, ते तिलाच माहीत नव्हते. फुथाने दारूच्या दुकानात हे हसत हसत सांगितले होते, की सवेंगची बायको आपल्याला घेऊन निघाली आहे. तो झोपेत गेला तेव्हा दुकानातल्या प्रत्येकाला ते वाक्य तोंडपाठ होते.

त्यानंतर आमच्या घराखाली स्वप्न ऐकायला कोणी आले नाही. तिच्या हातचे कापड परत येऊ लागले. मुले आमच्या कुंपणाजवळून पळत जाऊ लागली, आणि वर्गात मी त्याचे कारण विचारले तर ती जमिनीकडे पाहत. गावप्रमुखाने आईला निरोप दिला: सोंदी काकांना बोलावून तिच्यातल्या विधवेला बोलते करा आणि घालवा, ती गेली नाही तर सुनेला गावात ठेवता येणार नाही. हे पोकळ शब्द नव्हते. आमच्या भागात अंगात भूत असल्याचे ठरवलेल्या बायका गाव सोडून जातात आणि त्यांच्यासारख्याच माणसांच्या एखाद्या वस्तीत उरलेले आयुष्य काढतात. तिथून परतलेली एकही मला माहीत नाही. माहेरही अशीला दारात उभे करीत नाही. फेंगला एवढेच उरले होते: सोंदी काकांच्या प्रश्नांना ती काय उत्तर देते.

सोंदी काका पूर्वी भिक्षू होते, चीवर सोडून संसारात आले, आणि मंत्र तेवढे जवळ ठेवले. वाईट मनुष्य नाही. त्यांची रीत ठरलेली आहे. अंगातल्याला विचारायचे तू कोण, तुला काय हवे. नाव सांगितले नाही तर एका झाडाच्या टोकदार मुळीचा तुकडा बोटांच्या पेरात दाबायचा. नाव आणि मागणी कळली की मागणी पुरी करायची, मग जे आले असेल त्याला निघून जावे लागते. मागणी मान्य करून ती पुरी केली नाही, तर दोष काकांवर येतो आणि गावावर येतो. हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि मला त्याचीच धास्ती होती; कारण तिने पुरुषांचे प्राण मागितले, निव्वळ बरळण्यात जरी मागितले, तरी संपले.

आदल्या दिवशी मी तिला पाला तोडायला मदत करण्याच्या निमित्ताने शेतात नेले.

"काहीही विचारलं तरी गप्प राहा," मी म्हटले. "दाबलं तरी गप्प राहा. थकतील आणि सोडतील."

"गप्प बसले की झोप लागते, बाई. झोप लागली की काय बोलते ते मला कळत नाही."

"मग फेंग एवढंच म्हण. काहीही विचारलं तरी फेंग."

ती पाल्याच्या गाठोड्यावर टेकली. "ते म्हणतील तसं बोलते. विधवा म्हणाले तर विधवा. संपू दे एकदाचं."

"ते संपलं की तुला गावाबाहेर काढतील."

"तिथे रात्री कोणी दोरा बांधतं का?" तिने विचारले. तिची ही थट्टा होती की चौकशी, ते मला कळले नाही, आणि मी विचारेपर्यंत डोळे उघडेच ठेवून ती झोपेत निघून गेली होती. मी पाला एकटीने तोडला.

दुपारी आमच्या अंगणात सगळे गाव जमले. पुरुष मागे, बायका पुढे; नेहमीचा क्रम त्या दिवसांत उलटा झाला होता. पुरुष तिच्या नजरेसमोर यायला तयार नव्हते. सवेंग पायऱ्यांवर बसला होता आणि आई त्याच्या वरच्या पायरीवर, जणू मागूनही काही येऊ शकेल. फेंगला चटईवर बसवले. काकांनी पाणी मंत्रून शिंपडले.

"कोण आहेस?"

"फेंग."

"हे घराचं नाव झालं. आत कोण राहतंय ते सांग." त्यांनी मुळी दाबली.

तिने हात आखडला. "फेंगच, काका. परवा तुमच्याकडे मीठ मागायला आले होते. तुमच्या बायकोने दिलं नाही."

मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकले. काकांनी पुन्हा दाबले, पुन्हा विचारले, पुन्हा तेच नाव आले, मग पुन्हा दाबले. मी पुढे सरकले तेव्हा गावप्रमुखाने आपला लाल नखांचा हात माझ्यासमोर आडवा धरला. आणि त्या दाबण्यातच, वेदनेच्या मधोमध, मी तिचे खांदे सैल पडताना पाहिले. डोळे उघडे, पण बुबुळे वर सरकलेली. श्वास लांब. ती झोपली होती. संपूर्ण गावासमोर, बोटात मुळी रुतलेली असताना, ती झोपली होती, आणि हे फक्त मला कळत होते.

"कोण आहेस?" काकांनी चौथ्यांदा की पाचव्यांदा विचारले.

"लुन," ती म्हणाली. आवाज तिचाच, पण खालचा, सावकाश, कसलीही घाई नसलेला.

आमच्या गावात लुन नावाची बाई कधी नव्हती. थोड्या वेळाने एका म्हातारीला आठवले, की तिच्या आजोबांच्या काळात मीठ विकत फिरणारी एक लुन होती आणि ती विधवा होती. दुसरीला ती कुठल्या चिंचेखाली मेली ते आठवले. माझ्या देखत एका बाईचा जन्म झाला, लग्न झाले, नवरा वारला आणि ती मेली, आणि याला पाण्याचा घोट घेण्याएवढाही वेळ लागला नाही.

"लुन, तुला काय हवंय?" काकांचा आवाज नरम झाला होता. "पुरुष हवेत?"

मला धास्ती होती तो प्रश्न हाच.

"पुरुष घेऊन काय करू?" ती म्हणाली. "झोपू कुठे देतात?"

पहिली हसली थोम मावशी. मग पुढच्या रांगेतल्या सगळ्याच बायका हसल्या, आणि ते हसणे मध्येच कुठेतरी बंद पडले. एकमेकींच्या तोंडाकडे त्यांनी पाहिले नाही.

"मग काय हवंय ते बोल."

"आडवं व्हायचंय. किडे कात टाकायला झोपतात तेव्हा तुम्ही त्यांच्यावर फडकं घालता, पाला घालत नाही, जवळ बोलत नाही. तसं. या बाईला तसं झाका."

"किती वेळ?"

"उठेपर्यंत."

"आणि उठल्यावर जाशील?"

"झोप झाल्यावर इथे कशाला थांबू?"

काकांनी गावप्रमुखाकडे पाहिले. त्याने मान हलवली. मागणी स्वस्त होती. काका पुढे म्हणाले की ती झोपली तर तिची राखण कोणीतरी करायला हवी, नाहीतर दुसरे काही तिच्यात शिरेल. त्यावर तिने उजवा हात उचलला. मनगटाभोवती दोऱ्याने पाडलेला काळसर वळ सगळ्यांना दिसला.

"त्याला सांगा," ती म्हणाली. "इतके दिवस त्याचं टोक माझ्याकडे होतं."

आई उठून उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली. सुनेचे मागणे असते तर ते तिने मोडीत काढले असते. हे मागणे लुनचे होते.

विहाराच्या आवारात, बोधिवृक्षाजवळ, बाजूंनी उघडा एक मंडप आहे. तिथे तिला निजवले आणि चौकड्याच्या कापडाने डोक्यापासून पायापर्यंत झाकले. कुत्री हाकलून दिली. विहाराची घंटासुद्धा त्या दिवशी वाजवली नाही. दोऱ्याचे एक टोक तिच्या मनगटाला आणि एक सवेंगच्या, आणि तो तिच्या उशाशी खांबाला टेकून बसला. मी संध्याकाळी तिथे गेले.

"ताई, हिचा श्वास थांबल्यासारखा वाटतोय," तो कुजबुजला.

"थांबलेला नाही."

थोड्या वेळाने: "आता?"

"चालू आहे."

"मध्येच इतका हळू होतो, की मला..." तिची बोटे झोपेत किंचित हलली, दोरा ताणला गेला, आणि तो असा ताठ झाला, की मलाच त्याची कीव आली. दोरा पुन्हा सैल पडल्यावर त्याने विचारले, "ही रोज असं बसायची?"

"रोज. आणि सकाळी किड्यांचं बघायची."

मी घरी गेले. सकाळी त्याचे डोळे तिच्या डोळ्यांसारखे झाले होते, आणि ती अजून झोपलेलीच होती. कूस बदललेली, तोंड उघडे, लाळेचा ओघळ गालावर. आईच्या मते इतके कोणी झोपत नाही, हे मरणाचेच लक्षण आहे. मी पुस्तकाच्या आधाराने सांगितले की थकलेले शरीर आपले येणे वसूल करते. परंतु खरे लिहायचे तर मीही दर वेळी कापड उचलून तिच्या नाकाखाली बोट धरत होते. दुपारी शाळेत माझे लक्ष नव्हते. शेवटचा तास मी सोडून दिला.

मंडपात आले तेव्हा सवेंग झोपला होता. खांबाला डोके टेकलेले, हनुवटी वर. त्याची राखण कोणीही करीत नव्हते. मी खाली बसते न बसते तोच तो कण्हू लागला.

तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता. घशाच्या तळाशी अडकलेला, खाली जाणारा, आणि प्रत्येक श्वासाला अधिक लांब होणारा. नेमक्या त्याच वेळी आई चिकट भाताची डबी घेऊन आली. डबी तिच्या हातातून पडली आणि ती त्याच्याकडे झेपावली. मी तिचा दंड धरला.

"सोड, मालै. मरतोय तो."

"आई, दोरा."

तिला कळले नाही, आणि मला समजावायला वेळ नव्हता. त्याला हलवले की तो झटका देणार, झटक्याने दोरा ओढला जाणार, आणि ती उठणार. आपणहून न उठता उठवली गेली, तर लुनची झोप मोडली, मागणी बुडाली, आणि संध्याकाळपर्यंत तिचे गाठोडे गावाच्या वेशीवर असते. मंत्रवलेला दोरा कापायचा नसतो. आणि कापायचा म्हटले तरी हाताशी काही नव्हते. मी तिच्या मनगटावरची गाठ धरली. घामाने ती फुगून घट्ट झाली होती. माझी नखे शिक्षिकेची, खडूने झिजलेली. ती गाठीत शिरेनात. माझ्या मागे माझा भाऊ कण्हत होता. आई माझ्या पाठीवर मुठी मारत होती, आवाज न करता, कारण तिलाही मोठ्याने बोलायला मनाई होती. मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. त्या क्षणी मी लुनला हात जोडले असते, पण हात गाठीत होते. मी दात लावले.

गाठ सुटली, मी दोरा उचलून बाजूला केला आणि आईला सोडले. तिने त्याच्या दोन्ही गालांवर अशा चपराका मारल्या, की बोधिवृक्षावरची कबुतरे उडाली.

सवेंगने डोळे उघडले. "काय झालं?" तो म्हणाला. "मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

आईने त्याला आणखी एक मारली आणि मग त्याच्या छातीवर डोके ठेवून रडू लागली, तोंडात पदर कोंबून. फेंग तशीच निजली होती. तो बराच वेळ आपल्या मनगटाला लोंबणाऱ्या मोकळ्या टोकाकडे पाहत राहिला. आईने ते पुन्हा बांधायला घेतले तेव्हा त्याने हात मागे घेतला.

ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठली. सोंदी काका, गावप्रमुख आणि निम्मे गाव मंडपाभोवती उभे होते, कारण आता नाव विचारायचे होते. त्या नावावर सगळे अवलंबून होते. झोपेतून उठणारे माणूस काही काळ कुठल्याही काठावर नसते, हे मला माहीत होते, आणि माझ्या मनात एकच धाक होता, की स्वप्नाचा एखादा धागा अजून लोंबत असेल आणि ती लुन म्हणेल.

तिने कापड बाजूला केले, उठून बसली, वर्तुळात उभ्या असलेल्या तोंडांकडे एकेक करून पाहिले.

"कोण आहेस?" काकांनी विचारले.

ती डोळे चोळत राहिली. त्यांनी पुन्हा विचारले.

"आधी पाणी द्या," ती म्हणाली. पाणी प्याली. भांडे खाली ठेवले. मग काकांना म्हणाली, "बोटं माझी मोडलीत आणि नाव विसरलात होय?"

"नाव सांग," गावप्रमुख मागून म्हणाला.

"खामफेंग. सवेंगची बायको." तिने आजूबाजूला पाहिले. "आणि तुम्ही सगळे इथे, तर माझ्या किड्यांना पाला कोणी घातलाय?"

कोणीच घातला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आले, आणि किड्यांसाठी रडणारी बाई भूत असू शकत नाही, यावर सर्वांचे एकमत झाले.

ती गावात राहिली. दोरा पुन्हा बांधला गेला नाही. काही आठवडे आई आणि ती आलटून पालटून ऐकत राहिल्या, मग नखांवरचे रंग झिजले, फाटकांवरची लाकडे सरपणात गेली, आणि सवेंग दक्षिणेत रबराच्या मळ्यावर कामाला गेला, जिथे तो उत्तम झोपतो असे तो कळवतो. आपण त्या दिवशी झोपलो नव्हतो, हे त्याचे म्हणणे कायम आहे. लुन म्हणून ती बोलली ते जाणून की न जाणून, हे लोक अजून तिला विचारतात. मीही एकदा विचारले. ती म्हणाली की बोटे दुखत होती एवढे आठवते. मी यापुढे विचारणार नाही, आणि इतरांनीही विचारू नये. ज्या गावाने तिला जागे ठेवले त्याला तिच्या झोपेतले बोलणे समजून घेण्याचा अधिकार नाही.

मात्र पूर्वीची झोप तिला परत मिळाली नाही. कोणी हलत नाही, कोणी कण्हत नाही, तरी ती रात्रीतून कितीदा तरी उठते आणि शेजारच्या रिकाम्या चटईवर हात ठेवून पाहते. यावर उपाय करायला सोंदी काकांना कोणी बोलावत नाही, कारण यात गावातला कुठलाही पुरुष दगावण्याची शक्यता नाही. दुपारी ती शाळेत येते. नकाशे ठेवतो त्या खोलीत मी एक चटई अंथरली आहे. तिथे तिला तासभर लागते, कधी लागत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी दाराच्या फटीतून तिला पाहिले आणि शाळेच्या वेळेत शाळेच्या खोलीत एक गावकरी स्त्री झोपलेली आढळली, याचा खुलासा मागितला. मी लेखी खुलासा दिला, की त्या वेळी चौथीच्या वर्गाला मूकवाचन असते आणि अध्यापनात कोणताही व्यत्यय येत नाही. त्यांचे समाधान झालेले नाही. नवा खुलासा मागितला तर नवा देईन. मूकवाचनाचा तास वेळापत्रकात आहे तिथेच राहील.